टोळ्या उतरण्याआधी

प्रिय पोरी,

साखर कारखान्याच्या भागातल्या उपकेंद्रात तुझी नेमणूक झाली, ऐकून जीव सुखावला. त्याच पट्ट्यात मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून सव्वीस वर्षं काढली. गर्भपातासाठी येणाऱ्या बायांबद्दल थोडं सांगून ठेवते.

2012 मध्ये बीडचं गर्भलिंगनिदानाचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्यभर धाडी पडल्या. त्या हव्याच होत्या. पण कितीतरी औषधवाल्यांनी धास्तीने गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आत द्यायच्या असतात, आणि तेवढ्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळतही नाही! पैसेवाली बाई खाजगी दवाखाना गाठते. अडकते ती उसाच्या फडावरची.

त्या दिवसांत एक ऊसतोडणीवाली आली. तीन लेकरं, चौथ्यांदा दिवस गेलेले. शेवटची पाळी कधी, तर म्हणाली, "पोळ्याला." तारखा तिला ठाऊक नव्हत्या, तिने बोटांवर सण मोजले. दसऱ्यानंतर टोळी उतरली. पहिल्या चकरेला औषधवाला नाही म्हणाला. दुसऱ्या चकरेला दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. तिसऱ्या वेळी नवरा बरोबर आला, म्हणजे अख्ख्या कोयत्याचा, नवरा-बायकोच्या जोडीचा, खाडा, तर डॉक्टर रजेवर. आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, रोज उठून कोण सोडणार? माझ्यापर्यंत पोचली तेव्हा संक्रांत उलटून गेली होती, आणि तेव्हाची मर्यादा होती 20 आठवडे. ती तशीच मोळ्या वाहायला परत गेली. पाचटाने चरे पडलेली तिची ती बोटं मला अजून दिसतात.

म्हणून नीट ध्यानात ठेव. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, सासूची कायद्याने कधीच लागत नव्हती. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या सुधारणेनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अशांना दोन डॉक्टरांच्या मताने 24 पर्यंत मुभा आहे. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही ती दिली. अठराच्या आतली पोर असेल तर पालकाची संमती लागते, पोलिसांना कळवावंही लागतं. पण पोरीने आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, हे त्याच निकालात आहे. नावाच्या भीतीने किती पोरी भोंदूंकडे गेल्या असतील!

"आधी ऑपरेशन कर, नाहीतर तांबी बसव, मग पिशवी साफ करतो," असं कुणी म्हणालं तर तिच्या बाजूने उभी राहा. तशी अट कायद्यात नाही.

गर्भपात तू करायचा नाहीस, पण तिची चकर वाचवणं तुझ्या हातात आहे. पाठवण्याआधी ग्रामीण रुग्णालयात फोन लाव: डॉक्टर आहेत का, सोनोग्राफी आज होईल का. जमलं तर आशाताईला सोबत दे.

दसऱ्यानंतर टोळ्या उतरतील. दिवस गेलेत का ते तपासायची निश्चय किट आत्ताच मागवून ठेव, आणि पहिल्याच आठवड्यात स्वतः त्यांच्या कोप्यांवर, झोपड्यांवर जा. संध्याकाळी जा, दिवसा बाया फडात असतात.

तुझी,
मावशी