एवढ्याशा धावपट्टीवर एवढं मोठं बिझनेस जेट उतरतं कसं, आणि परत उडणार कसं?

तुम्ही लिहिलंय की शिकाऊ विमानं उडतात त्या 1,500 मीटरच्या पट्टीवर तुम्ही गल्फस्ट्रीम जी650 उतरताना पाहिलं. हे नियमात बसतं का आणि ते तिथून निघणार कसं, असे तुमचे दोन प्रश्न. मी अशाच विमानांची उड्डाणं आखून देतो, आमच्याकडे त्याला डिस्पॅचर म्हणतात. निघण्याचं आधी सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे.

पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात (15 अंश सेल्सिअस) जी650 ला टेकऑफसाठी 5,858 फूट लागतात, म्हणजे जवळपास 1,786 मीटर. तुमच्या पट्टीपेक्षा पावणेतीनशे मीटर जास्त. शिवाय हा आकडा दोन्ही इंजिनं ठणठणीत आहेत असं धरून काढत नाहीत. धावता धावता एक इंजिन गेलं तर? वी-वन नावाचा एक वेग आधीच ठरवलेला असतो. त्याच्या आत बिघाड झाला तर ब्रेक मारून उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे, आणि त्याच्या पुढे झाला तर राहिलेल्या एका इंजिनावर उडता आलं पाहिजे. दोन्ही शक्यता पट्टीत मावल्या तरच गणित सुटलं.

आता गंमत बघा. या विमानाचं कमाल वजन सुमारे 45 टन, आणि त्यातलं जवळजवळ 20 टन निव्वळ इंधन असू शकतं. तेवढं घेतलं तर ते 13,000 किलोमीटर जातं. पण लहान पट्टीवरून निघताना एवढं घेतो कोण? चारपाच टन इंधन आणि मोजकी माणसं घेतली की विमान तिसेक टनांचं उरतं. दोन इंजिनांचा मिळून जोर साधारण 15 टनांचा, म्हणजे वजनाच्या निम्मा. पूर्ण भरलेलं असताना हाच हिशेब एक तृतीयांशावर येतो. म्हणून हलकं जेट बाणासारखं सुटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं पायलटने करामत केली. मग ते अर्ध्या तासावरच्या मोठ्या विमानतळावर उतरतं, टाक्या भरतं आणि समुद्र ओलांडायला निघतं. या मधल्या थांब्यावर मालकमंडळी हमखास कुरकुरतात. त्यांची समजूत घालणं हाही आमच्या नोकरीचाच भाग.

उतरणं त्या मानाने सोपं. या जेटचं लँडिंगचं छापील अंतर सुमारे 3,000 फूट, म्हणजे 915 मीटर. ते पट्टीच्या टोकावर 50 फूट उंचीवर असल्यापासून पूर्ण थांबेपर्यंतचं, आणि कसलेल्या हाताने कचकचीत ब्रेक मारून मिळालेलं. रोजच्या व्यवहारात 115 नॉटच्या (ताशी सुमारे 213 किलोमीटर) वेगाने पट्टीवर तरंगण्यात गेलेला प्रत्येक सेकंद सुमारे 60 मीटर खातो. वेग दहा टक्के जास्त असेल तर थांबायचं अंतर वीसेक टक्क्यांनी वाढतं.

नियमाचं म्हणाल तर तिथे एक विचित्र गोष्ट आहे. अमेरिकेत भाड्याने चालणाऱ्या जेटला साधारणपणे पट्टीच्या 60 टक्के लांबीत थांबता यायला हवं (काही अटींवर 80 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते). 1,500 चे 60 टक्के म्हणजे 900 मीटर, म्हणजे छापील आकडा धरला तर नाहीच बसत. मालक स्वतःच्या विमानातून खासगी उड्डाण करत असेल तर ही अट लागू नाही. तेच विमान, तीच पट्टी, तेच पायलट! मला स्वतःला हे पटत नाही. खासगी उड्डाण असलं तरी मी पट्टीत मोकळी जागा राखूनच हिशेब करतो.

पण मला धाकधूक लांबीची नसते, जमिनीची असते. या जेटच्या टायरमध्ये 200 पीएसआयच्या आसपास हवा असते, मोटारीच्या सहापट. हलक्या विमानांसाठी केलेल्या डांबरावर तेवढा दाब म्हणजे टाचेची चप्पल घालून ओल्या मातीत उभं राहणं. एकदा मी धावपट्टीची क्षमता तपासली आणि विमान उभं करायच्या ॲप्रनची तपासायची राहून गेली. भर दुपारी तीन तास उभं राहिल्यावर चाकं डांबरात बोटभर रुतली होती. चूक माझीच. तेव्हापासून चाकांखाली घालायच्या लोखंडी प्लेटा आहेत का, हे आधी विचारतो. हाच दाब पावसात मात्र कामी येतो, कारण टायर जितका कडक तितका तो पाण्यावर घसरायला लागण्याचा वेग वाढतो.

पंखांचंही बघावं लागतं. अमेरिकेतल्या ॲस्पेन विमानतळाची धावपट्टी 8,000 फुटांची, पण तिथे अनेक वर्षं पंखविस्ताराला 95 फुटांची मर्यादा राहिली आहे, आणि जी650 चे पंख त्याहून साडेचार फूट मोठे. म्हणजे लांबी भरपूर, तरी प्रवेश नाही.

तुमचं ते जेट अजून तिथेच असेल तर इंधनाच्या टँकरवर लक्ष ठेवा. तो आलाच नाही, किंवा पाच मिनिटांत परत गेला, तर पुढचा टप्पा जवळचा आहे असं समजा. आणि टेकऑफ बघायचा असेल तर पहाटे जा. गार हवा दाट असते, पंखांना आणि इंजिनांना दोघांनाही ती मानवते, त्यामुळे असल्या पट्टीवरून निघायची वेळ मी तरी उन्हं चढायच्या आतलीच लावतो.