माझ्या तोंडून सासूबाईच बोलल्या हो

"मॅडम, माझ्या तोंडून सासूबाईच बोलल्या हो." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या इंदिरानगरच्या एक काकू (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) खुर्चीत नीट टेकायच्या आधीच एवढं बोलल्या आणि डोळ्याला पदर लावला.

झालं असं की नव्या सुनेनं घाईत साईसकट दूध चहात ओतलं आणि काकू फटकन म्हणाल्या, "आमच्या घरात असं चालत नाही." हेच वाक्य, अगदी याच सुरात, त्यांनी स्वतः पंचवीस वर्षं ऐकलेलं आणि लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मोरीत नळ सोडून त्यावरून रडलेल्या. "मी मुळातच वाईट आहे का?" हा प्रश्न मला फार जण विचारतात, सातपूर एमआयडीसीत नुकतंच प्रमोशन मिळालेला सुपरवायझरसुद्धा.

मी त्यांना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग सांगितला. 1971 च्या ऑगस्टमध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डोंनी तिकडे विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग उभा केला, 24 चांगली धडधाकट मुलं निवडली, पहारेकरी कोण आणि कैदी कोण हे नशिबावर सोडलं. दोन आठवड्यांचं काम सहा दिवसांत गुंडाळावं लागलं, इतके काही पहारेकरी छळायला लागले. काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे माझा दोष नाही ना?"

पण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात आणि मला ते खटकतं. सगळे पहारेकरी तसे वागले नव्हते, आणि पुढे बाहेर आलेल्या टेपमधून दिसतं की कडक वागा असं त्यांना पढवलं जात होतं. 2002 मध्ये बीबीसीवर हॅस्लम आणि रायशर या मानसशास्त्रज्ञांचा असाच तुरुंग दाखवला, तिथे तर पहारेकऱ्यांना पहारेकरी होणंच जड गेलं. म्हणून मी विचारलं, काकू, तुम्हाला कोण पढवतं?

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, मोठ्या नणंदबाई रोज सकाळी फोन करतात, "आत्ताच ढील दिलीस तर डोक्यावर बसेल." आणि बोलताना हात कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यावर, तो सासूबाईंचाच.

आठवडाभर, खटका उडाला की वेळ लिहून ठेवायला सांगितली. सहा खटक्यांपैकी पाच सव्वासात ते आठमधले, डबे, नळाचं पाणी, मुलाची कंपनीची बस, सगळं एकदम. प्रिन्स्टनमध्ये 1973 च्या एका प्रयोगात वाटेत विव्हळणाऱ्या माणसाला घाई नसलेल्या 63 टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, घाईत असलेल्या फक्त 10 टक्क्यांनी, आणि ती मुलं धर्मशास्त्र शिकणारी होती हो! त्यामुळे स्वभावावर काम नंतर करू, आधी सकाळ बदलू म्हणलं. चाव्या फ्रीजशेजारच्या खिळ्याला, नणंदबाईंचा फोन संध्याकाळी, भाजी रात्रीच चिरलेली, आणि सव्वासातला काकू जॉगिंग ट्रॅकवर. नणंदबाई रुसल्या, ते व्हायचंच. सुनेला सॉरी मात्र काकूंनी स्वतः म्हणायचं, ते काम घड्याळ करणार नव्हतं, आणि त्याला त्यांना तीन आठवडे लागले.

मागच्या सोमवारी आल्या तेव्हा म्हणाल्या, परवा पुन्हा "आमच्या घरात" इथपर्यंत आलंच तोंडात आणि मी थांबले. सूनबाई वळून म्हणाली, "आमच्या घरात काय, आई?"

"मग?"

"काय सुचेना. म्हणलं, चहा घे आधी, गार होतोय."