पहिलं अल्बम-परीक्षण लिहिताय? आधी पखवाज ऐका

छोट्या स्वतंत्र लेबलचा डबलबारी भजनाचा (दोन बुवांचा, म्हणजे मुख्य गायकांचा, भजनी सामना) अल्बम हातात आला, की व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फाइलवरून लिहायला बसू नका. लेबलकडे वॅव्ह, म्हणजे आवाज न दाबलेली, फाइल मागा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं जातं, झांज फसफसते आणि बोल लागतो बिचाऱ्या रेकॉर्डिस्टला.

तीनदा ऐका. एकदा सलग, काही न टिपता. मग हेडफोनवर, मिनिट-सेकंद लिहीत. शेवटी फक्त खटकलेल्या जागा. मोबाईलचा स्पीकर नकोच. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून आणलेला खर्ज त्यातून पोचतच नाही.

रेकॉर्डिंग पावसाळ्यातलं असेल तर कान पखवाजावरच ठेवा. दमट हवेत चामडं सैल पडतं, पखवाज उतरतो. पेटी आपल्या सुरावर ठाम. ‘पखवाज बेसूर’ असं मोघम नको. ‘पाचवं भजन, २:४० पासून शाईचा सूर पेटीखाली’ असं लिहा (शाई म्हणजे उजव्या पुडीवरचा काळा लेप). सलग बारीक घूं ऐकू येते? बहुतेक ५० हर्ट्झची विजेची गुणगुण, अर्थिंगकडे कुणी पाहिलेलं नाही. गजर चढला की आवाज करकरत असेल, तर माईकची पातळी जास्त ठेवली होती. ते मिक्सिंगमध्ये नीट सुधारत नाही. कौलांवरचा पाऊस मात्र माझ्या मते दोष नव्हे.

श्रेयनामावली तपासा, झांजवाले आणि कोरसवाले हमखास गळतात. बुवा तुमच्याच वाडीतले असतील, तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.