जुन्या गाड्या, तुमचे प्रश्न : आजोबांची बेडफोर्ड

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आजोबांची १९४९ ची बेडफोर्ड ओबी बस देवास नाक्याजवळ मामांच्या गोडाउनमध्ये वीसेक वर्षं उभी आहे. चेसिस म्हणजे खालची लोखंडी चौकट विलायती, बॉडी इथल्याच सुतारांनी सागवानात बांधलेली, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. एक बॉडीवाला म्हणतो सगळं काढून टाका, आत लोखंडी अँगलचा सांगाडा करतो, महिन्यात नवी बस देतो. द्यावी का त्याला?

उत्तर : नका देऊ दादा, अजिबात नका. तो देईल ती बस नवीनच असेल, आजोबांची राहणार नाही. ओबी १९३९ साली आली, मग महायुद्धात तिच्या जागी ओडब्ल्यूबी नावाचं साधं मॉडेल निघालं ज्यात लाकडी पट्ट्यांच्या सीटा असायच्या, आणि युद्धानंतर ओबी परत सुरू झाली ती १९५१ पर्यंत. विलायतेत तिच्यावर बहुतेक ड्यूपल कंपनीची २९ सीटांची बॉडी असायची आणि सांगाडा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा. ॲश हादरे मस्त सोसतं पण पाणी मुरलं की कुजतं, तिकडे ओबी दुरुस्त करणाऱ्यांचा निम्मा जीव त्या लाकडातच जातो. तुमच्याकडे तर सागवान आहे! सागात स्वतःचं तेल असतं, ते इतक्या सहज कुजत नाही, आणि तुम्ही ते काढून लोखंड घालायला निघालात. शिवाय ॲल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडाला टेकला आणि मध्ये पावसाची ओल गेली की पत्रा आतून खायला लागतो, पांढरी भुकटी पडते, आणि वरून रंगाला फोड येईपर्यंत कळतसुद्धा नाही.

आधी छत बघा. गळत असेल तर बाकी सगळं थांबवून ते बंद करा. मग एक बारीक टोच्या घ्या आणि खांबांची खालची टोकं, खिडक्यांच्या खालची पट्टी आणि चाकांच्या वरचा भाग, एवढ्या जागी टोचून बघा, पाणी तिथेच साचतं. टोच्या कडक लागला तर लाकूड चांगलं आहे, हात लावू नका. मऊ भुसभुशीत लागला तर तेवढाच तुकडा कापून जुना साग तिरका जोड देऊन बसवायचा, जुन्या वाड्यांचा साग शहरात विचारला तर मिळून जाईल.

आणि कुजलेला तुकडा फेकू नका, तोच तुमचा नमुना आहे. हे मी पोळून शिकलोय. माझ्या पहिल्या बसच्या वेळी मी दोन दिवस गावाला गेलो आणि मिस्त्रीने मागच्या खिडकीच्या गोल कमानी काढून जळणात टाकल्या, फोटो नाही, माप नाही. ती गोलाई परत कधीच तशी जमली नाही, आजही ती बस समोर आली की माझी नजर आधी तिथेच जाते.

रंग सगळा खरवडण्याआधी दाराजवळ बोटभर जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने, तो ओला करून, हळू घासा. एकाखाली एक थर दिसतील, नशीब असेल तर जुनी अक्षरंही, त्याचा फोटो काढून ठेवा. कोरडं मात्र घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

प्रश्न : मागे लंडनला गेलो तेव्हा रूटमास्टर नावाच्या लाल डबलडेकर बसमध्ये बसलो होतो. इतक्या जुन्या बस इतक्या धडधाकट कशा काय?

उत्तर : एक तर तिची बॉडी ॲल्युमिनियमची, आणि वेगळी चेसिसच नाही, पुढे आणि मागे एकेक सबफ्रेम म्हणजे छोटी चौकट असते. पहिला नमुना १९५४ चा, १९६८ पर्यंत २,८७६ बनल्या आणि रोजच्या सर्व्हिसमधून त्या डिसेंबर २००५ मध्ये निघाल्या. पण खरं श्रेय मी देखभालीला देईन. ॲल्डनम नावाचं लंडन ट्रान्सपोर्टचं मोठं वर्कशॉप होतं, तिथे ठराविक वर्षांनी बॉडी उचलून वेगळी करायचे, सगळं खालपासून तपासायचे आणि तयार असेल ती बॉडी तयार असेल त्या खालच्या भागावर बसवायचे. त्यामुळे एका नंबरच्या बसवर नंतर दुसरीच बॉडी असणं हे तिथे नेहमीचं.

प्रश्न : आमच्याकडेही बेडफोर्डच आहे, पेट्रोलची. इंजिन जाम झालंय. डिझेल इंजिन टाकलं तर चालेल का? (एक ताई, सुदामानगर)

उत्तर : ताई, ते साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन फार गुणी आहे, ते राहू द्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग इंजिन फिरवायच्या हँडलने हलक्या हाताने हलवून बघा. दुसऱ्या गाडीला बांधून ओढू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. चालू झाल्यावर सांभाळायचं ते पेट्रोल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतली ओल ओढतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं, म्हणून पाइप नवीन घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : व्हिंटेजची नवीन नंबर प्लेट बसला मिळेल का?

उत्तर : २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना नंबरात VA अक्षरं असलेली व्हीए सिरीज आहे, नोंदणी फी २०,००० रुपये, पण ती दुचाकींना आणि ड्रायव्हर सोडून आठ सीटांपर्यंतच्या चारचाकींनाच. बस त्यात बसत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जुनी कागदं जपा, आरसी, टॅक्सच्या पावत्या, परमिट, जे सापडेल ते. आरटीओत जायच्या आधी चेसिसवरचा गंज ब्रशने काढा, नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ती छाप आरसीवरच्या नंबरशी एकेक आकडा लावून बघा.