सगळेच तसे वागत असताना माझ्या एकट्याच्या वागण्याने काय फरक पडतो?

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: समाज म्हणजे माणसांची बेरीज, म्हणून एकाचं वजन नगण्य. मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलेलं एक उदाहरण वाचलं आणि ते गृहीतक सुटलं.

चौकात १०० संतापलेली माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड उचलेल. दुसरा, एकाने मारलेला दिसला तर. तिसरा, दोघांनी मारलेला दिसला तर. असं करत शेवटचा, ९९ जण पुढे झाले तर. पहिला दगड सुटला की शंभरच्या शंभर दंगलीत. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याच्या जागी असा आणा, जो दोघं दिसल्याशिवाय हलत नाही. पहिला दगड मारतो आणि प्रकरण तिथेच विझतं. ९९ माणसं तीच, त्यांचा रागही तोच. पण एका ठिकाणी शहर पेटलं आणि दुसरीकडे एक काच फुटली. म्हणूनच नुसता परिणाम पाहून 'लोकच तसे आहेत' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

उलट दिशेने गर्दीही आपल्याला घडवते, तेही आपल्या नकळत. बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला होता. एकेकट्याने बसलेल्यांत दर चारांपैकी तिघांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन जण मुद्दाम निर्विकार बसवले, तेव्हा दहांतला जेमतेम एक उठला. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले.

हे मी स्वतः केलंय. एका प्रशिक्षणात "कुणाला काही शंका?" असं विचारलं गेलं. मला अर्धं कळलं नव्हतं. शेजारी पाहिलं, तो शांतपणे वहीत लिहीत होता, म्हणून मीही मान खाली घातली. बाहेर आल्यावर त्यानेच मला विचारलं, "तुला कळलं का रे?" माझ्याकडे पाहून तो गप्प होता आणि त्याच्याकडे पाहून मी.

पण प्रत्येक ठिकाणी एकटा पुरतो असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये वाहनं डावीकडून चालायची. तिथे कुणी एकट्याने उजवीकडून गाडी हाकली असती तर अपघातच झाला असता. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता सरकारी आदेशाने सगळ्यांनी एकदमच बाजू बदलली. अशा गोष्टींना नियमच लागतो.

तेव्हा तुमची अडचण कोणत्या जातीची आहे ते आधी तपासा. जिथे सगळे मनातून नाराज आहेत आणि एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प आहेत, तिथे हात वर करणारा पहिला माणूस फार मोठं काम करतो. आणि माझ्या मते त्याच्याहून महत्त्वाचा दुसरा, कारण पहिल्याला वेडा ठरवणं सोपं असतं.