बोन ग्राफ्ट वापरताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची उणीव भरायला किंवा हाडं जोडायला बसवलेलं हाड. ते दात्याचं असेल तर पाकीट उघडण्याआधी सील, मुदत आणि लॉट नंबर (ते कोणत्या खेपेतलं आहे तो क्रमांक) स्वतः बघा. स्टिकर केसपेपरवर लावायलाच हवा. 2021 मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या ग्राफ्टमधून अनेकांना क्षयरोग झाला, तेव्हा याच नोंदींवरून रुग्ण शोधता आले.

रुग्णाचं स्वतःचं हाड काढलंत तर ते सलाईनने ओलसर गॉजमध्ये ठेवा, कोरडं पडलं की पेशी मरतात. ग्राफ्ट बसवायच्या जागेवरच्या हाडातून बारीक रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत पृष्ठभाग खरवडा. बर (हाड घासायचं फिरतं हत्यार) चालवताना सलाईन सतत हवं, उष्णतेने हाड जळतं. सगळी धुलाई ग्राफ्ट भरण्याआधी उरका, नाहीतर कण वाहून मऊ ऊतींत जातात. आणि ठासून भरू नका. कणांमधल्या फटींतूनच नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात.