गाभण म्हैस विकण्याआधी

कवठेमहांकाळ तालुक्यातून एक वडील मुलीला घेऊन सांगलीला माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मुलीनं 'नीट' ही प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती, पण पशुवैद्यकीयला नंबर लागला नाही. "मॅडम, हिला जनावरांतच काम करायचंय. हा कोर्स बघा," म्हणत त्यांनी एक पत्रक पुढं केलं. एक वर्ष, साठ हजार फी, 'पशुवैद्यकीय सहायक', वर नोकरीची हमी. फीसाठी गाभण म्हैस विकायचं ठरलं होतं.

मी मुलीला विचारलं, गोठ्यात तू काय काय करतेस? तोवर मान खाली घालून बसलेली पोर बोलायला लागली. रात्री दोन वाजता शेळी अडली, करडाचा एकच पाय बाहेर. डॉक्टर दुसऱ्या गावात. ते फोनवर म्हणाले, ओढू नकोस, मी येतो. "मी नुसती बॅटरी धरून बसले होते. हात लावायचा नाही, एवढंच कळत होतं." मला तिचं हे वाक्य फार मोलाचं वाटलं.

वडिलांना मी तिथंच संस्थेला फोन लावायला सांगितला. दोनच प्रश्न: मान्यता कुठल्या विद्यापीठाची, आणि या कागदावर मुलीला जनावरावर उपचार करता येतील का? पलीकडून उत्तर आलं, "आधी प्रवेश घ्या, मग बोलू." त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. पशुवैद्यकीय पदविका घेतलेल्याला राज्यानं ठरवलेल्या किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणून आधी काम ठरवायचं. डॉक्टरच व्हायचं तर 'नीट', मग शिरवळसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून साडेपाच वर्षं. पदविकेसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचायची. ऐकीव अटींवर जाऊ नये. कृत्रिम रेतन शिकायचं तर 'मैत्री' या खेड्यांसाठी रेतन तंत्रज्ञ तयार करणाऱ्या योजनेचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण. आणि शेळ्याच नीट पाळायच्या असतील तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दहा दिवस, राहण्याजेवणासह मोफत. मेंढी व शेळी महामंडळाचं रांजणीचं प्रक्षेत्र तर त्यांच्याच तालुक्यात! तिथं ते कधी गेले नव्हते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतलं शेळ्यांचं कामही पाहून या, असं मी सुचवलं.

तिनं आधी दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातून आपल्या शेळ्यांना आंत्रविषार या आतड्याच्या रोगावरची लस टोचून घेतली. शेजारच्या दोन घरांनाही बरोबर नेलं. वही ठेवली आहे: कुठली शेळी कधी फळली, कधी व्याली, जंताचं औषध कधी दिलं. यंदा पदविकेचा अर्ज भरणार आहे.

परवा वडील एकटेच आले. म्हैस व्याली होती. त्यांनी पिशवीतून चिकाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि अर्जाला कुठले दाखले लागतात ते विचारलं.